नाशिकचे सायकलचे रस्ते: शनिवारी पास, रविवारी नापास

मी सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आलेला जॉब, म्हणजे मशीनवरून उतरलेला भाग, मापायच्या गेजला लावायचा आणि त्याला हिरवा, पिवळा किंवा लाल टॅग बांधायचा, हे माझं काम. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे रिवर्क, पुन्हा दुरुस्तीला, लाल म्हणजे भंगारात. सुट्टीला ज्या रस्त्यांवर सायकल चालवते त्यांनाही हेच टॅग लावायची सवय जडली आहे. ओळखीच्या बायका सारख्या विचारतात, "गाड्या नसलेला एखादा रस्ता सांग ना गं." दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

माझा निकष एकच, गाड्या किती. डोंगर, पाणी, फोटो, चढ, डांबर हे सगळं त्यानंतर. सायकल साधी हायब्रिड आहे, सरळ हँडल आणि ३५ मिलिमीटरचे टायर. रेसरवाल्यांनी डांबराबद्दलचं माझं मत एक पायरी खाली उतरवून वाचावं.

रस्त्यांची शिफारस करणारे लोक वार सांगत नाहीत, आणि वार न सांगता केलेली शिफारस काही कामाची नसते. आमच्या कंपनीची सुट्टी शनिवारी असते, एमआयडीसीतल्या बऱ्याच कंपन्यांची तशीच. त्या दिवशी सातपूर-अंबडकडे जाणाऱ्या कामगारांच्या बस नसतात, शिफ्ट सुटल्यावर निघणारे मोटरसायकलींचे लोंढे नसतात. मुंबई-पुण्याहून शुक्रवारी रात्री आलेले पाहुणे अजून हॉटेलात झोपलेले असतात. त्यामुळे शनिवारी सकाळी सहा ते नऊ हे नाशिकचे आठवड्यातले सगळ्यात मोकळे तास. रविवारी सगळं उलटं. सहा वाजल्यापासून निम्मं शहर मिसळ खायला आणि उरलेलं धरण बघायला निघालेलं असतं. खाली जिथे वार लिहिलेला नाही तिथे शनिवार समजा.

पहिला रस्ता माझ्या घरातूनच सुरू होतो. मी हनुमानवाडीत राहते. तिथून मखमलाबाद, मातोरी, मुंगसरे, गिरणारे आणि परत, म्हणजे चाळीस किलोमीटरच्या आसपास. मखमलाबाद गाव ओलांडेपर्यंतचा तुकडा सोसावा लागतो. दोन्ही बाजूंना नव्या इमारती उठताहेत, त्यामुळे खडी आणि रेतीचे डंपर, काँक्रीटचे मिक्सर, आणि त्यांनी रस्त्यावर सांडलेला माल. एवढा तुकडा पिवळा. गाव मागे पडलं आणि गंगापूरचा डावा कालवा दिसला, की पुढे हिरवा.

कालव्याला आवर्तन सुटलेलं असेल तर तिथे थांबल्याशिवाय पाय पुढे जात नाही. पाणी काठोकाठ असतं आणि कडेच्या बाभळींवर पक्ष्यांचा नुसता कालवा चाललेला असतो. काठाची मुरमाची वाट बघून मोह होतो, पण त्या वाटेवर बाभळीच्या काट्यांचा खच असतो. ट्यूब वाचवायची असेल तर मुकाट्याने डांबरावर राहा.

त्यापुढे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. रस्ता हलका वरखाली होत जातो. दम लागेल असा चढ नाही, पण पाय मोकळा सोडावा असा उतारही नाही. उजव्या हाताला रामशेज दिसत राहतो. संभाजी महाराजांच्या काळात या एवढ्याशा किल्ल्याने मुघलांच्या फौजेला वर्षानुवर्षं झुलवलं. खालून बघताना ते खरं वाटत नाही, इतका तो बुटका आणि साधा दिसतो. मातोरी ते मुंगसरे या पट्ट्यात समोरून येतात ते दुधाच्या कॅन लावलेले मोटरसायकलवाले, एखादा ट्रॅक्टर आणि एखादी लालपरी. दूधवाले हॉर्न न वाजवता बाजूने निघून जातात. एसटीवाला हॉर्न वाजवतो, पण जागाही सोडतो. कारवाले तुरळक, आणि जे असतात ते गावातलेच, त्यांना वळणं पाठ असतात. हे महत्त्वाचं आहे. रस्त्यावर पाच गाड्या असल्या आणि पाचही गावातल्या असल्या तर भीती वाटत नाही. पाहुण्याची एकच गाडी वळणावर मोबाइलमधला नकाशा बघत येते, तिच्यापुढे जीव मुठीत धरावा लागतो.

या रस्त्याचं वेळापत्रक द्राक्षांच्या हाती आहे, आणि हे शहरातल्या सायकलवाल्यांच्या लक्षात येत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते, त्यानंतर फवारण्या सुरू होतात. थंडीत धुकं पडलं की आपल्याला सायकल काढावीशी वाटते, आणि नेमक्या त्याच सकाळी शेतकरी डावणी रोगाच्या धास्तीने पहाटेपासून ब्लोअर लावून बागेत उतरलेला असतो. ट्रॅक्टरमागचा तो पंखा औषधाचे तुषार उडवत बांधापर्यंत येतो आणि वारा असेल तर रस्त्यावरही. एकदा मातोरीच्या पुढे एका काकांनी ब्लोअर बंद करून हात दाखवला.

"ताई, तोंडाला रुमाल बांधा आन् बिगीबिगी निघा इथून. ह्ये औषध हाये, धुकं न्हाई."

तेव्हापासून थंडीत रुमाल खिशात असतोच. धुक्याचे फोटो काढत रेंगाळणाऱ्यांना तो सल्ला मी पुढे देत असते.

जानेवारी ते एप्रिल माल निघतो. तेव्हा क्रेट भरलेल्या पिकअप आणि पॅकहाउसकडे जाणारी वाहनं वाढतात, मात्र ती ऊन चढल्यावर. पहाटे येतात ते मजुरांना घेऊन येणारे टेम्पो, पेठ-सुरगाण्याकडून. उभ्याने भरलेले, आणि वेगात. त्यांना वाट द्यायची, कडेला थांबायचं, बस्स. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागा उघड्याबोडक्या होतात आणि सावली संपते. मे महिन्यात हा रस्ता साडेआठनंतर नको.

पावसाळ्यात वेगळी पंचाईत. ट्रॅक्टर शेतातून निघाला की चाकांची काळी माती डांबरावर सोडत जातो. ओली असताना तिच्यावर ब्रेक दाबला की सायकल आडवी झालीच म्हणून समजा. सरळ धरायची, पॅडल हलकं ठेवायचं आणि पलीकडे गेल्यावर ब्रेक. बाकी पावसाळ्यात या रस्त्याचा एक मोठा फायदा आहे. वारा पश्चिमेचा असतो. जाताना छातीवर घ्यावा लागतो, पण परतताना पाठीवर हात ठेवून घरी पोचवतो. हिवाळ्यात हा हिशेब फिरतो, जाताना मजा आणि परतताना सजा.

गिरणाऱ्यात सकाळी मजुरांचा नाका भरतो आणि टोमॅटोच्या हंगामात बाजाराकडे पिकअपची रांग लागते, म्हणून गावात उतरून सायकल हातात धरणंच बरं. चहा तिथेच घ्यावा. परतीचे दोन पर्याय आहेत. आलात तसेच मागे फिरा, किंवा दुगावावरून गोदावरी ओलांडून गोवर्धन, गंगापूर गाव, बारदान फाटा असे गंगापूर रोडने या. दुसरा पर्याय दिसायला छान आहे कारण फेरी पूर्ण होते, आणि फेरी पूर्ण करायची आपल्याला हौस असते. पण गोवर्धनच्या पुढे शहर सुरू होतं, आणि बारदान फाट्यापासून पुढे सायकल चालवण्यात काही अर्थ राहत नाही. मी आले तशीच परतते. त्यावर दिरांचं म्हणणं, की नकाशावर एक रेघ दिसते, गोल दिसला पाहिजे. मी म्हटलं, गोल तुम्ही काढा, मी तोवर घरी पोचून आंघोळ करते.

टॅग : हिरवा. शनिवारीच नाही, मंगळवार-बुधवारीसुद्धा. रविवारी मात्र मखमलाबादपर्यंत पिवळ्याचा लाल होतो, कारण त्या रस्त्याला मिसळीची दुकानं आहेत.

दुसरा, गंगावऱ्ह्याचा. गोवर्धनपासून डावीकडे सावरगावकडे वळायचं आणि धरणाच्या पाण्याच्या कडेने गंगावऱ्ह्यापर्यंत जायचं. नाशिकमधला सगळ्यात देखणा रस्ता हाच, यावर वाद नाही. गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट, शहराच्या पिण्याचं पाणी मुख्यतः इथूनच येतं. जुलैत पाऊस लांबला की अख्खं नाशिक रोज सकाळी पेपरात धरणाची टक्केवारी बघतं. ती टक्केवारी सायकलवरून डोळ्यांनी दिसते. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी आत सरकतं, गाळाच्या पट्ट्या उघड्या पडतात आणि त्यांवर कोणीतरी काकड्या लावतं. सप्टेंबरात तेच पाणी रस्त्याच्या पायाशी येऊन थांबतं.

पण हाच रस्ता वायनरींचा आहे. नाशिकची पहिली प्रसिद्ध वाइन २००० साली इथूनच निघाली आणि गेल्या पंचवीस वर्षांत या बाजूला टेस्टिंग रूम, रिसॉर्ट, फार्महाउस अशी रांग लागली. मला त्याचं वाईट वाटत नाही, गावातल्या किती पोरापोरींना नोकऱ्या लागल्या. सायकलवालीचा प्रश्न फक्त एवढाच, की परतणारा ड्रायव्हर प्यायलेला आहे की नाही हे लांबून कळत नाही. यावर उपाय सोपा आहे. टेस्टिंग काही सकाळी सातला सुरू होत नाही. म्हणून सकाळ, तीसुद्धा लवकरची. संध्याकाळी, त्यातून शनिवार-रविवारी, इकडे सायकल आणूच नये. सूर्यास्त बघायला आलेल्या गाड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लागतात आणि मधून जेमतेम एक गाडी जाते.

पहाटे भेटतात ते प्री-वेडिंगवाले. नवरदेव शेरवानीत, नवरी लांबलचक गाऊनमध्ये, आणि ड्रोन डोक्यावर. एकदा नणंद सोबत होती. फोटोग्राफरने विचारलं, "मॅडम, पाच मिनिटं सायकल मिळेल का? फ्रेममध्ये भारी दिसेल." नणंदेने दिली. पाच मिनिटांची पंचवीस झाली, कारण नवरदेवाला सायकल येत नव्हती आणि शेवटी तो नुसता हँडल धरून उभा राहिला. नणंद मला म्हणाली, "वहिनी, या रस्त्याला टॅग लावताना हेही धरा."

धरलं. मंगळवार ते शुक्रवार सकाळी हिरवा, शनिवारी सकाळी हिरव्याकडे झुकलेला पिवळा, बाकी लाल. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली तर कुठलाही वार असो, गंगापूर रोडला फिरकू नका. सोमेश्वरचा धबधबा बघायला लोक गाड्या घेऊन निघतात आणि तिथून पुढे सगळंच ठप्प होतं. त्या दिवशी रामकुंडावर चालत जाऊन दुतोंड्या मारुती किती बुडाला ते बघणं जास्त शहाणपणाचं.

तिसरा रस्ता नणंदेचा. ती नाशिकरोडला राहते, आणि तिच्या मते सगळं नाशिक नाशिकरोडपासून सुरू होतं. विहितगावपासून लॅम रोडने देवळाली कॅम्प आणि पुढे भगूर. ज्यांना बऱ्याच वर्षांनी पुन्हा सायकलवर बसायचं आहे त्यांनी इथूनच सुरुवात करावी. रस्ता सपाट आहे, वर जुन्या झाडांची सावली आहे आणि लष्करी भाग असल्याने लोक गाड्या हळू चालवतात. नाशिकमध्ये ही गोष्ट दुर्मीळ. सकाळी धावणारे जवान दिसतात, आणि जुने बंगले, ज्यांच्या फाटकावर कोणाचं नाव असतं पण घरात कोणी राहत असल्याची खूण नसते. भगूरला सावरकरांचा वाडा आहे, त्यांचा जन्म इथलाच, १८८३चा. वाडा बघायचा असेल तर उघडायच्या वेळेत या, सायकलवाले साधारण त्याच्या आधीच परततात.

भगूरच्या पुढे लहवितकडे किंवा दोनवाड्याकडे गेलं की पूर्ण गावं सुरू होतात. इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. लष्कराचा तोफखान्याचा सराव या बाजूला चालतो, पाट्या लावलेल्या आहेत. पाटीच्या आत जाणारी पायवाट कितीही शॉर्टकट वाटली तरी शॉर्टकट नाही. दुसरी गोष्ट बिबट्या. दारणेच्या काठाने ऊस आहे आणि उसात बिबटे आहेत. २०२० साली या पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, ते नाशिकरोडकर विसरलेले नाहीत. मी कोणाला घाबरवत नाही, पण इथे उजाडल्याशिवाय निघायचं नाही आणि एकटीने तर नाहीच. सामनगाव, जाखोरीकडच्या रस्त्यांनाही हेच लागू. ते एरवी रिकामे असतात आणि मला आवडतात.

भगूरहून पांढुर्लीपर्यंतचा रस्ता मी पूर्वी डोळे झाकून हिरवा म्हटला असता. तिथून पुढे सिन्नर-घोटी रस्त्याला लागून लांब फेरी मारता यायची. २०२३च्या मे महिन्यात समृद्धी महामार्ग भरवीरपर्यंत सुरू झाला, आणि भरवीरचं तोंड नेमकं याच सिन्नर-घोटी रस्त्यावर. समृद्धीवर चढणारी-उतरणारी वाहनं आता तिथे असतात, आणि महामार्गाचा वेग पायात घेऊनच खाली उतरतात. पांढुर्ली गावातून मागे फिरा. तेवढं हिरवं, पुढचं लाल.

त्र्यंबक रोड थोडक्यात आटोपते. लाल. सातपूरपासून पुढे पिंपळगाव बहुला, बेळगाव ढगा, महिरावणी असा तो जातो, रोज कामावर जाताना त्याचं पहिलं टोक मी बघते, आणि सुट्टीला पुन्हा बघायची इच्छा होत नाही. शिवाय २०२७च्या सिंहस्थाची कामं शहराभोवती चालू आहेत. रस्ते रुंद होताहेत, उकरले जाताहेत, वळवले जाताहेत. आज जिथे साइडपट्टी आहे तिथे उद्या खड्डा असू शकतो. अंजनेरीला जायचं असेल, तिथलं नाण्यांचं संग्रहालय बघायचं असेल (नाण्यांच्या अभ्यासाची अशी संस्था क्वचितच कुठे असेल, आणि नाशिककरांनाच ती माहीत नसते), तर बसने जा.

एक अपवाद सांगते, आणि तो सायकलचा नाहीच. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा असते. त्याच्या आधीचे काही दिवस दिंड्या त्र्यंबकला चालत निघतात. तेव्हा हा रस्ता चालणाऱ्यांचा होतो. गाड्या नाइलाजाने हळू होतात आणि एरवी कट मारणारे ड्रायव्हर डोक्यावर तुळस घेतलेल्या आजीसाठी थांबतात. मी त्या दिवसांत सायकल घरी ठेवते आणि थोडं अंतर चालते. श्रावणी सोमवारी, त्यातून तिसऱ्या सोमवारी, मात्र कोणत्याही चाकावर इकडे येऊ नये. ब्रह्मगिरीच्या फेरीला येणारी गर्दी पाहिली नसेल तर कल्पना येणार नाही.

त्र्यंबकच्या पलीकडे मात्र चित्र बदलतं. त्र्यंबक ते घोटी, मध्ये पहिने. आम्ही दिरांच्या गाडीला मागे रॅक लावून सायकली त्र्यंबकपर्यंत नेतो आणि तिथून चालवायला सुरुवात करतो. सायकल चालवायला गाडीतून जायचं हे सासूबाईंना अजून पटलेलं नाही. "म्हणजे पेट्रोल पण आणि घाम पण?" त्यांचं चूक नाही. पण सप्टेंबर संपता संपता, पाऊस ओसरल्यावर आणि भात अजून उभा असताना, या रस्त्याला तोड नाही. दोन्ही बाजूंना डोंगर, भाताची खाचरं, कड्यांवरून उतरणाऱ्या उरल्यासुरल्या पाण्याच्या रेघा. रस्ता वळणावळणाचा आहे, चढ खरे आहेत, गिअर लागतात.

जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार मात्र विसरा. पहिन्याच्या धबधब्याला येणाऱ्या तरुणांच्या गाड्या, स्पीकर, भाजलेलं मक्याचं कणीस आणि रस्त्यावर फुटलेल्या बाटल्या. काच टायरमध्ये बसते आणि तिथे पंक्चरवाला नसतो. जुलैत जायचं तर बुधवारी, आणि परतताना गाडी घ्यायला पुन्हा त्र्यंबकला यायचं आहे हे लक्षात ठेवून. टॅग : हंगामाप्रमाणे. ऑक्टोबरात हिरवा, श्रावणात लाल.

नांदूरमध्यमेश्वर लांब आहे, एका बाजूने चाळीसच्या आसपास, पण पक्षी बघणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. २०२०च्या जानेवारीत त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा जाहीर झाला, महाराष्ट्रातली ती पहिली रामसर पाणथळ. चांदोरीपर्यंत संभाजीनगर रोडची वाहतूक आणि उसाचे ट्रॅक्टर सोसायचे. सायखेड्याकडे वळलं की गोदावरीच्या काठाने गावामागून गाव लागतं आणि रस्ता शांत होत जातो. ऊस तोडणीच्या दिवसांत रात्री रस्त्यावर पडलेल्या उसावरून सायकल घसरते, तेवढं बघा. डिसेंबर-जानेवारीत थंडी निफाडची असते, म्हणजे नाशिकपेक्षाही कडक, हातमोजे असू द्या. जाताना वारा समोरून असेल. ही फेरी पहिल्याच महिन्यात करायला जाऊ नका.

पेठ रोड आणि मुंबई-आग्रा महामार्ग यांना टॅग लावायचीही गरज नाही. पांडवलेणीला सायकलने जाणारे असतात, त्यांना साष्टांग नमस्कार.

आता शहरातलं. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका या स्मार्ट रोडवर सायकलचा पट्टा आखलेला आहे. अंतर १.१ किलोमीटर, म्हणजे गिअर बदलेपर्यंत संपतं. त्यावर स्कूटर लागलेल्या असतात, रसवंतीवाला असतो, गप्पा मारणारे असतात. माझी तक्रार नाही, सावलीत जागा मिळाली तर मीही गप्पाच मारीन. पण कुणी विचारलं की नाशिकमध्ये सायकलसाठी वेगळा रस्ता आहे का, तर उत्तर हे आहे. गंमत अशी की सायकलीचं वेड या शहराला कमी नाही. २०१५ साली इथल्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची जवळजवळ ४,८०० किलोमीटरची रॅम शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. त्यानंतर नाशिकमधल्या प्रत्येक दवाखान्याबाहेर एक महागडी सायकल दिसू लागली. पंढरपूरला सायकलवारीही जाते. लोक आहेत, सायकली आहेत, रस्ता मात्र ज्याने त्याने शोधायचा.

तो शोधायला निघण्याआधी थोडी तयारी. पंक्चरचं सामान स्वतःचं ठेवा आणि घरी एकदा टायर काढून लावून बघा. शनिवारी सातला गावातला पंक्चरवाला उघडत नाही. द्राक्षबागांच्या भागात बाभळीच्या काट्याइतकीच बागेच्या तारेचे तुकडे त्रास देतात. पंप लहान चालेल, पण ट्यूब दोन. कुत्री गावाच्या वेशीवर असतात, आत नसतात. त्यांच्याशी शर्यत लावू नका, उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढे जा. मागचा लाल दिवा उजाडल्यावरही चालू ठेवा, धुक्यात त्याच्याशिवाय तुम्ही दिसत नाही.

आणि बायकांसाठी : एकटीने जायला यातला कोणता रस्ता? मी मखमलाबाद-मातोरी सांगीन. कारण शेतात कोणी ना कोणी असतंच, बायकाही असतात, आणि दोन-चारदा दिसलात की त्याच हाक मारतात. मुंगसऱ्याच्या अलीकडे एका बागेतल्या मावशींनी मला थांबवून विचारलं होतं, "किती पगार देत्यात याचा?" सायकल चालवायचा पगार मिळत नाही हे त्यांना पटलं नाही. पुढच्या वेळी त्यांनी बांधावरून घडाचे फुटलेले मणी ओंजळभर दिले, वर म्हणाल्या, "धुऊन खा गं, औषध मारलंय." गंगावऱ्ह्याचा रस्ता एकटीने नको, तिथे सकाळी लांबपर्यंत कोणी नसतं, आणि अशा वेळी थांबलेली एक गाडीसुद्धा नकोशी वाटते.

राहता राहिली मिसळ, तिच्याशिवाय नाशिकमध्ये सायकलचं बोलणं पूर्ण मानत नाहीत. गंगापूर रोडच्या मोठ्या मिसळीच्या ठिकाणी नऊनंतर जाऊ नका. सायकल लावायला जागा मिळते, पण पार्किंगमधून उलट्या निघणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर नुकतेच रस्सा संपवून आलेले असतात आणि आरशात बघत नाहीत. खायची तर गिरणाऱ्यात साध्या हॉटेलात खा, तर्री बेताची सांगा, परतीला पोटात जळजळ नको. नणंदेचा नियम वेगळा आहे. ती आधी मिसळ खाते, मग सायकल काढायची की नाही ते ठरवते. तिच्या रस्त्यांचं परीक्षण तिनेच लिहावं.